पोटातलं वाक्य

ताकसांडे सर मला पहिली तीन-चार वर्षं अजिबात आवडले नाहीत. हे आधीच सांगून टाकते. गेलेल्या माणसाबद्दल लिहायला बसलं की आपण उगाच गोडगोड लिहायला लागतो, आणि त्यांना स्वतःला ते मुळीच खपलं नसतं.

नव्वदीच्या दशकाच्या सुरुवातीला मी हिंगणघाटच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवायला लागले. सर तिथे आधीपासून तर्कशास्त्र शिकवत होते. अंगानं काटकुळे, बाराही महिने पांढरा बुशशर्ट, आणि खिशात एक निळं पेन अन् एक लाल पेन्सिल. पेनाचा कोणाला त्रास नव्हता. सगळं भांडण त्या पेन्सिलीचं होतं.

आमच्या स्टाफरूममध्ये एकच मराठी पेपर यायचा. सर सगळ्यांच्या आधी येत आणि मी पोचेपर्यंत त्या पेपरची दशा करून ठेवत. जाहिरातींखाली, बातम्यांखाली लाल रेघा, आणि बाजूच्या समासात बारीक अक्षरात एकेक वाक्य. ‘शहाण्या गृहिणीची निवड’ अशी मसाल्याची जाहिरात असली, तर समासात लिहिलेलं असे, ‘दुसरा घेईल ती बिनडोक.’ ‘जनतेच्या आग्रहास्तव प्रदर्शनाची मुदत वाढवली’ याच्या शेजारी, ‘माल उरला.’ कुठल्याशा पुढाऱ्यानं ‘आता गावाचा खरा विकास होईल’ असं म्हटलेलं असायचं, तिथे, ‘पाच वर्षं मीच निवडून आलेलो होतो, ते विसरा.’ मला पेपर कोरा वाचायची सवय. मी एकदा चिडून म्हटलं, “सर, पेपर सगळ्यांचा आहे हो!” त्यावर ते शांतपणे म्हणाले, “मंग? मी का घरी घेऊन जातो का?”

न लिहिलेल्या त्या वाक्याला ते पोटातलं वाक्य म्हणत. पुस्तकात त्याला भलं जड नाव होतं, ते पोरांच्या तोंडात बसत नसे. सर वर्गात सांगायचे, “बोलणाऱ्याचं एक वाक्य ओठात असते अन् एक पोटात. ओठातल्यासंगं भांडून काई फायदा नाई. पोटातलं भाईर काढा, उन्हात बसवा, मंग पाहा टिकते का.” माझा वर्ग त्यांच्या वर्गाला लागून होता. मी इकडे वाऱ्यांचे प्रकार शिकवत असायची आणि तिकडून मोठ्यांदा यायचं, “याच्या पोटात काय हाय?” पाठोपाठ चाळीस पोरांचा गलका. माझे वारे जागच्या जागी थांबत.

त्यांच्या घरी टीव्ही नव्हता. रविवारी सकाळी ते शेजाऱ्यांकडे जाऊन बसत. त्या शेजारणीनं मला सांगितलेली गोष्ट आहे, “अव मॅडम, आमी जाहिरात लागली का पाणी प्याले उठतो, अन् हे तवाच घाईघाईनं येऊन बसते. सिरियल लागली का अंगणात जाऊन उभे!” सोमवारी मग वर्गात त्याचा हिशेब व्हायचा. साबणाच्या जाहिरातीत पांढराशुभ्र शर्ट घातलेल्या मुलाला पहिलं बक्षीस मिळतं. पोटात काय? एक मुलगी म्हणाली, “ज्याचा शर्ट पांढरा तो हुशार.” सर म्हणाले, “मंग कोळशाच्या टालवाल्याच्या घरी सारेच मठ्ठ काय?” टालवाल्याची मुलगी वर्गातच होती आणि ती त्या वर्षी पहिली आली होती, त्यामुळे प्रश्न तिथल्या तिथे मिटला.

घरात मात्र हे शास्त्र त्यांच्यावरच उलटलं होतं. “आज भाजी छान झाली,” असं ते एकदा जेवताना म्हणाले, तर बायकोनं वाढता वाढता विचारलं, “म्हणजे रोज वाईट होते काय?” हे त्यांनीच स्टाफरूममध्ये सांगितलं आणि वर म्हणाले, “तिचं बरोबर हाय. तवापासून मी फक्त ‘अजून वाढ’ म्हणतो.”

माझ्यावर त्यांनी एकदाच पेन्सिल चालवली. मी कोणाला तरी सांगत होते, “ती अकरावीतली मुलगी, मुलगी असून गणितात काय हुशार आहे!” सर कोपऱ्यात पेपर वाचत होते. मान वर न करता म्हणाले, “मॅडम, याच्या पोटात काय हाय?” सगळे हसले. मला इतका राग आला की आठ दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. राग त्यांनी चूक काढली याचा नव्हता. मी स्वतः गणितात चांगली होते आणि लहानपणी हेच वाक्य ऐकून जळायची, ते त्यांच्यामुळे आठवलं, याचा होता. त्यानंतर मात्र मलाही ती खोड लागली. कोणी काही बोललं की न बोललेलं आधी ऐकू यायचं.

म्हणूनच त्या वर्षीच्या स्नेहसंमेलनातलं वाक्य मला टोचलं. सरांनी प्रास्ताविक पुस्तकी मराठीत केलं, त्यावर पाहुण्यांनी भाषणात त्यांचं भरभरून कौतुक केलं. म्हणाले, “त्यांच्या समाजातून येऊनही किती शुद्ध, किती स्वच्छ बोलतात ताकसांडे सर!” टाळ्या पडल्या. सर बौद्ध. वडील सेलू तालुक्यातल्या एका खेड्यात मजुरी करायचे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी पेपरात ते भाषण आलं, वाक्यासकट. मी मुद्दाम लवकर गेले. पानभर लाल रेघा होत्या, फक्त त्या बातमीला एकही नव्हती. मी विचारलं, “सर, हे राहिलं का?”

“राह्यलं नाई.”

“मग खाली रेघ का नाही?”

“मॅडम, ते वाक्य मले लहानपणापासून पाठ हाय. पाठ असलेलं कोणी लिहून ठेवते काय?” असं म्हणून ते तासाला निघून गेले. त्या दिवशी मला ते पहिल्यांदा आवडले.

आणखी एक सांगायला हवं. ‘खात्री’ हा शब्द हा माणूस वापरत नसे. “सर, आज पाऊस येईल?” असं विचारलं तर उत्तर यायचं, “ढग हाय. एवढंच म्हणता येते.” एखादा मुलगा पास होईल का, असं पालकांनी विचारलं तर, “अभ्यास करून राह्यला, एवढं पाह्यलं.” पालक बिचारे गोंधळून घरी जात. पण याचा एक परिणाम असा झाला होता, की सर जेवढं बोलतील तेवढं गावात खरं धरलं जाई.

मग जिनिंगला आग लागली.

कापसाचा हंगाम भरात होता. भर दुपारी एका जिनिंगमधल्या, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यातल्या, कापसाच्या गंजीनं पेट घेतला. आमच्या कॉलेजच्या खिडकीतून धूर दिसत होता. माणूस कोणी दगावला नाही, पण गंजी संध्याकाळपर्यंत जळत राहिली. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी आली. तिच्या शेवटी हे होतं: ‘गेल्याच आठवड्यात कामावरून कमी करण्यात आलेला चौकीदार किसना हा आगीच्या दिवशी दुपारी जिनिंगच्या फाटकाजवळ दिसून आला होता. कामावरून काढताना त्याचा मुनीमजींशी वाद झाला होता. त्याला विडीचे व्यसन आहे. आगीचे कारण कळू शकले नाही. पोलीस तपास करीत आहेत.’

या किसनाजींची बायको, वच्छलाबाई, आमच्या कॉलेजात झाडझूड करायची आणि माठ भरायची. पोलिसांनी किसनाजींना दोन दिवस ठाण्यात बसवून ठेवलं आणि काही हाती लागलं नाही म्हणून सोडलं. तिसऱ्या दिवशी वच्छलाबाई पेपरची घडी घेऊन स्टाफरूमच्या दारात उभी राहिली. तिला वाचता येत नव्हतं.

“सर, यात माह्या मालकाचं नाव हाय म्हणते. वाचून सांगा जी.”

सरांनी वाचून दाखवलं, एकेक वाक्य सावकाश.

“ते कांबळं अन् डबा आनाले गेलते. चौकीत राह्यला होता,” ती म्हणाली. “यात असं कुठं लिवलं हाय का, का त्यायनंच आग लावली?”

“नाई लिवलं.”

“मंग लोक काऊन म्हणून राह्यले?”

सरांनी पेपर हातात घेतला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला.  ती म्हणाली, “दुसऱ्या जिनिंगवाल्यानं बी नाई म्हटलं. गोदामवाल्यानं बी. चौकीदाराचं नाव खराब झालं तर त्यानं कुठं उभं राहावं जी?” मग पदराला हात पुसत माठ भरायला गेली. मी काय करणार होते? मी भूगोल शिकवत होते.

बातमी लिहिणारा वार्ताहर विलास. सरांचाच जुना विद्यार्थी, आवडता. सरांनी त्याला बोलावून घेतलं. तो आला, पाया पडला, चहा घेतला. सरांनी बातमी पुढे ठेवली.

“विलास, यातलं काय खरं हाय?”

“सगळंच खरं हाय, सर. एक शब्द खोटा दाखवा. तो फाटकाजवळ होता, वाद झालता, विडी पेते.”

“अन् पोटात?”

विलास चक्क खूश झाला. “तेच तर, सर! तुमीच तर शिकवलं. तुमी आमाले नाई का लिहाले द्यायचे, ‘तीन खरी वाक्यं लिहा, अन् वाचणाऱ्याच्या मनात चौथं खोटं उभं करा’? माहा पहिला नंबर आलता. पोटातलं छापलं असतं तर माह्यावर केस झाली असती. नाई छापलं तर वाचणारा सोताच लिहून घेते.”

खरंच, सर दरवर्षी तो स्वाध्याय देत. त्यांचं म्हणणं असं की ज्याला लपवता येतं त्याला शोधताही येतं. विलास गेल्यावर सरांनी ती बातमी कापून खिशात ठेवली.  मी म्हटलं, “तुमची काय चूक त्यात?” ते म्हणाले, “मॅडम, शोधाची परीक्षा घेत होतो अन् लपवायचे मार्क देत होतो.” पुढच्या वर्षापासून तो स्वाध्याय बंद झाला.

त्या शनिवारी ते खुलासा छापून घ्यायला वर्ध्याला पेपरच्या कचेरीत गेले. माझं माहेर वर्ध्याचं, मी त्याच बसमध्ये होते, म्हणून बरोबर गेले. संपादक गृहस्थ सभ्य होते. खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं, आणि विचारलं, “सर, यातलं नेमकं कोणतं वाक्य चूक आहे? त्याचा खुलासा छापतो.”

“छापलेलं एकही नाही,” सर म्हणाले. “चूक आहे ते तुम्ही छापलेलं नाही.”

“मग न छापलेल्या वाक्याचा खुलासा कसा छापू?”

 नियमानं पाहिलं तर संपादकाचं बरोबर होतं, आणि नियम सरांपेक्षा कोणाला जास्त ठाऊक? माहेरी उभ्या उभ्या डोकावून मी त्यांच्याच परतीच्या बसनं आले. मी शेंगदाणे पुढे केले, ते त्यांनी घेतले नाहीत.

मग महिनाभर त्यांनी एक वेडेपणा केला. कात्रण खिशात घालून हिंडायचे. चहाच्या टपरीवर, सलूनमध्ये, कोणी आगीचा विषय काढला की कात्रण पुढे करायचे, “दाखवा बरं, कुठं लिहिलं हाय?” लोक वाचायचे, डोकं खाजवायचे आणि म्हणायचे, “लिहिलं नाई, पन समजते न, सर!” वर त्यांच्या माघारी आणखी एक निघालं, “ते आपल्या माणसाले धरून राह्यले.” किसनाजी त्यांच्या समाजाचे नव्हतेच. कोणी विचारलंही नव्हतं.

पोलिसांचा तपास कुठे गेला कोणास ठाऊक. कोणी म्हणे यंत्राची ठिणगी, कोणी म्हणे ट्रकवाल्याची विडी. आगीचं कारण शेवटपर्यंत बाहेर आलं नाही.

त्याच उन्हाळ्यात आमच्या कॉलेजचा म्हातारा चौकीदार गावी परत गेला आणि जागा निघाली. वच्छलाबाईनं नवऱ्याचा अर्ज आणून दिला. अर्जांचा निकाल लावायला प्राचार्य, संस्थेचे दोघे सदस्य आणि शिक्षकांकडून सर आणि मी असे पाचजण बसलो. किसनाजींचा अर्ज निघताच एक सदस्य म्हणाले, “हा तोच ना? उद्या इथली लायब्ररी पेटली म्हणजे?” प्राचार्य सरांकडे वळले. “ताकसांडे, तुम्ही एवढे फिरलात यांच्यासाठी. यानं आग लावली नाही, याची तुम्हाला खात्री आहे?”

मी सरांकडे पाहिलं. मला उत्तर पाठ होतं. ‘पुरावा नाही, एवढंच म्हणता येते.’ तेवढं म्हटलं असतं तर किसनाजींचा अर्ज गठ्ठ्याच्या तळाशी गेला असता. वच्छलाबाई बाहेर व्हरांड्यात फरशी पुसत होती, तीच फरशी केव्हाची.

“आहे,” सर म्हणाले. “मला खात्री आहे.”

पुढे कोणी काही विचारलंच नाही. ज्या माणसानं पावसाचीही खात्री दिली नाही तो देतो म्हटल्यावर विचारणार काय? सही झाली. बाहेर आल्यावर मी हळूच म्हटलं, “सर, तुम्हाला कसं माहीत?”

“मले माहीत नाई.”

“मग?”

“मग काई नाई. मी आज खरं बोललो का खोटं, हे मलेच माहीत नाई मॅडम.” ते हसले नाहीत. त्यानंतरचे पंधरा दिवस पेपर माझ्या हाती कोरा येत राहिला. मला हवा होता तसा कोरा, आणि मला तो वाचवेना.

किसनाजी कामाला लागले. फाटक वेळेवर उघडायचं, वेळेवर बंद व्हायचं. विडी ओढायची तर रस्ता ओलांडून पलीकडे जाऊन ओढत, इतकं ते सांभाळत. विलास पुढे नागपूरला एका वाहिनीत लागला. आता तो बातमीच्या शेवटी प्रश्नचिन्ह लावतो, असं सर म्हणायचे. सर रोज सकाळी फाटकातून सायकल आत घेत. किसनाजी “नमस्कार सर” म्हणत, सर “नमस्कार किसनाजी” म्हणत आणि मान खाली घालून घाईनं स्टँडकडे जात. सात वर्षं यापलीकडे त्या दोघांत बोलणं झालेलं मी ऐकलं नाही. उपकार केल्यासारखं दिसू नये म्हणून सर टाळतात, असं मला वाटायचं.

सर निवृत्त झाले तो दिवस. दुपारी कार्यक्रम झाला, शाल-नारळ झालं, भाषणं झाली. सर दोन मिनिटं बोलले आणि बसले. चार वाजता ते निघाले, मी फाटकापर्यंत सोडायला गेले. हँडलला पिशवी, हातात शाल आणि नारळ. किसनाजी उठून उभे राहिले, पण त्यांनी फाटक उघडलं नाही. कडीवर हात ठेवून तसेच उभे.

“सर, एक सांगू काय?”

“सांगा न.”

“तुमी मले काम लावून देलं. माह्या घरच्या कोणाचं बी तुमच्याएवढं करनं झालं नाई. पन तुमी मले एकडाव बी इचारलं नाई.”

“काय इचारलं नाई?”

“का म्या आग लावली का म्हून. पोलिसायनं इचारलं. मुनीमजीनं इचारलं. माह्या सासऱ्यानं बी इचारलं. तुमीच नाई इचारलं.” त्यांचा आवाज चढला नव्हता, पण कडीवरचा हात त्यांनी काढला नाही. “सात वर्षं झाली जी. रोज सकाळी वाटे, आज इचारतीन.”

सर म्हणाले, “मले वाटलं, तुमाले वाईट वाटन.”

“वाटलं असतं. पन म्या सांगतलं असतं न.”

सरांचा चेहरा मी तेवढा उतरलेला कधी पाहिला नव्हता, संपादकासमोरही नाही. त्यांनी शाल आणि नारळ माझ्या हातात दिला. सायकल तिथेच स्टँडवर लावली. मग किसनाजींच्या समोर, सरळ त्यांच्या डोळ्यांत पाहत उभे राहिले.

“किसनाजी, जिनिंगले आग तुमी लावली काय?”

“नाई जी,” किसनाजी म्हणाले. “म्या नाई लावली.”

“बरं.”

किसनाजींनी फाटक उघडलं. सर सायकलवर बसले नाहीत. ती हातात धरून, शाल-नारळ माझ्याजवळच विसरून, स्टेशनच्या रस्त्यानं चालत गेले. किसनाजी ते दिसेनासे होईपर्यंत फाटक धरून उभे होते. मग त्यांनी मला विचारलं, “मॅडम, ऐकलं न तुमी?” मी म्हटलं, “हो, ऐकलं.”